गणवेश एकच, पाय मात्र ज्याचा त्याचा

आपल्या मराठी पानावर शिस्तीवर, शौर्यावर, परीक्षेच्या तयारीवर लेख येतात. मी मात्र बुटांवर लिहिणार आहे, आणि तेही बुटाच्या आतल्या भागावर. ‘पायातली वहाण पायातच बरी’ म्हणत आपण वहाणेला कधी फारशी किंमत दिली नाही. पण जो मुलगा पहाटेच्या पीटीपासून संध्याकाळच्या खेळांपर्यंत दिवसाचे बारा-चौदा तास बुटांत काढतो, त्याच्या बाबतीत ही म्हण बाजूला ठेवावी लागते. त्याचे गुडघे, नडग्या, कंबर, आणि पुढे वैद्यकीय तपासणीत होणारा निर्णय, यांतले बरेच काही त्या बुटात पाय कसा बसला आहे यावर अवलंबून असते.

मी ऑर्थोटिस्ट आहे. शरीराच्या एखाद्या भागाला बाहेरून आधार देणाऱ्या साधनाला ऑर्थोसिस म्हणतात. ते मापाने बनवणे आणि बसवणे हे माझे काम. मी मूळची साताऱ्याची, शिकले मुंबईत, आणि यजमान चंडीमंदिरहून निवृत्त झाल्यापासून आम्ही चंदीगडमध्येच राहतो. धाकटा मुलगा आपल्या शाळेत आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी व्यवसायाचाही आहे आणि घरचाही.

चंदीगड, मोहाली, पंचकुला या पट्ट्यात एनडीए आणि सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या पुष्कळ आहेत. पंजाब, हरियाणा, हिमाचलमधली मुले इथे येऊन राहतात. त्यांतली काही, बहुतेकदा आईवडिलांसह, माझ्यासमोर बसतात. प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “मॅडम, पाय सपाट आहेत. मेडिकलपर्यंत कमान येईल असा सोल द्या.” कित्येकांनी आधीच कुठून तरी महागडा सुखतळा घेतलेला असतो. विकणाऱ्याने तीन महिन्यांत कमान उभी करून देण्याची हमी दिलेली असते. दुसऱ्या टोकाला काही मुले अशी येतात की त्यांना खरोखर आधाराची गरज असते, पण शाळेत किंवा अकादमीत कोणी ‘लंगडा’ म्हणेल या भीतीने सहा-सहा महिने दुखणे अंगावर काढलेले असते.

या दोन्ही टोकांच्या मधोमध माझे म्हणणे आहे. सुखतळा आणि बुटातले फेरफार हे दुखण्यावर आणि चालीवर काम करतात, पायाचा आकार बदलत नाहीत. म्हणून ज्याला दुखत नाही त्याला ते विकू नयेत, आणि ज्याला दुखते त्याला ते नाकारू नयेत. सैनिकी शाळेने तर ते किटचाच एक भाग मानावेत.

सपाट पायाची भीती

आधी भीती दूर करू. लहान मुलांचे पाय सपाटच दिसतात. तळव्यात चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान पहिल्या दहा वर्षांत हळूहळू आकार घेते. काहींची पुढेही फारशी उठत नाही. आपल्याकडे अशा पायांना ‘फताडे पाय’ म्हणून हिणवायची पद्धत आहे.

फताड्या पायांचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला चवड्यांवर उभे करा आणि मागून पाहा. कमान उमटली आणि टाच किंचित आत वळली, तर पाय लवचीक आहे. कमान उमटलीच नाही, टाच बाहेर कललेलीच राहिली, तर पाय ताठर आहे आणि त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांतही हेच पाहिले जाते. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर उड्या मारू शकत असेल, नीट धावू शकत असेल, पाय लवचीक आणि वेदनारहित असेल, तर तो पाय ग्राह्य धरला जातो. ताठर, दुखरा, चवड्यांवर तोल सांभाळू न शकणारा पाय अपात्र ठरतो. ओल्या पायाचा फरशीवरचा ठसा पाहून रडायला बसलेल्या घरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, आणि आपल्या वेळच्या अधिसूचनेतले निकष स्वतः वाचून घ्यावेत.

हे शहाणपण सैन्यांना अनुभवातून आले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्यातील ३,६१९ सैनिकांचे पाय हॅरिस आणि बीथ या दोघांनी तपासले. त्यांचा अहवाल १९४७ साली आला. लवचीक सपाट पाय हा बहुतांशी निरोगी पायाचाच एक प्रकार आहे, त्रास होतो तो मुख्यतः पोटरीचा स्नायू आणि टाचेची शीर आखडलेली असेल तर, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक सपाट पायाची मी कमान पाहण्याआधी पोटरी तपासते. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर उचलता येत नसेल, तर त्या मुलाला पहिली गरज पोटरी ताणण्याच्या व्यायामाची असते.

बुटाने कमान उभी राहते का, याचा शोधही झाला आहे. अमेरिकेत एक ते सहा वर्षे वयाच्या लवचीक सपाट पायाच्या मुलांचे गट करून काहींना विशेष बूट आणि सुखतळे दिले गेले, काहींना साधेच बूट. तीन वर्षांनंतर सर्वच गटांची कमान थोडी सुधारली होती, आणि गटागटांत फरक पडला नव्हता. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातला अभ्यास त्याहून रंजक आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, तर अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद असलेले बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. हा अभ्यास १९९२ चा. म्हणजे लहानपणी कमान घडते ती पायाच्या स्नायूंना मोकळे काम मिळाल्याने. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बुटात सुखतळा सरकवून तीन महिन्यांत कमान मागणे म्हणजे ‘पी हळद अन् हो गोरी’.

इथे कोणी म्हणेल की मिल्खा सिंगही लहानपणी अनवाणीच शाळेत जात. खरे आहे, आणि चंदीगडमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. पण त्यांच्यातला धावपटू सैन्याने ओळखला, आणि १९६० साली रोमला ४०० मीटरमध्ये ते चौथे आले तेव्हा त्यांच्या पायांत स्पाइक्स होते. अनवाणी पाय मजबूत होतो, हे बरोबर आहे. मजबूत पायालाही कामाप्रमाणे जोडा लागतो, हेही तितकेच बरोबर आहे.

मग सुखतळा करतो काय?

चालताना पाऊल पडते ते टाचेच्या बाहेरच्या कडेवर. मग पाय थोडा आत झुकतो, कमान किंचित खाली येते आणि धक्का जिरवला जातो. त्यानंतर पाय पुन्हा आवळतो, घट्ट होतो आणि चवडा व अंगठा जमिनीला रेटून शरीर पुढे ढकलतात. चालण्याच्या एका आवर्तनात पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. धावताना प्रत्येक पावलावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. पन्नास किलोचा कॅडेट पाच किलोमीटर धावला, तर त्याचा प्रत्येक पाय साधारण अडीच हजार वेळा शंभर-दीडशे किलोचा भार झेलतो. पाय गरजेपेक्षा जास्त आत झुकत असेल, किंवा मुळीच झुकत नसेल, तर हा भार दर वेळी एकाच चुकीच्या जागी पडतो. सुखतळा आणि सोलमधले फेरफार हा भार कुठे पडावा, किती वेगाने पडावा आणि किती वेळ राहावा, एवढेच बदलतात. पण तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

काही उदाहरणे देते. पाय आत झुकून नडगीच्या आतल्या कडेला दुखत असेल, तर टाचेखाली आतल्या बाजूला काही मिलिमीटर जाडीची पाचर देतात. हेच काम बुटाच्या बाहेरूनही होते. लिव्हरपूलचे अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात बुटाची टाच आतल्या बाजूने पुढे वाढवण्याची युक्ती काढली. तिला आजही ‘थॉमस टाच’ म्हणतात. वाढवलेला भाग कमानीखाली येतो आणि पायाला आत कोसळू देत नाही. आपल्या सेक्टरच्या बाजारात झाडाखाली बसणाऱ्या मोचीला कागदावर आकृती काढून दिली, तर तो अर्ध्या तासात हे काम करतो, आणि अनेकदा माझ्यापेक्षा सफाईने.

चवड्याखाली, बोटांच्या मुळाशी, जळजळ होऊन घट्टे पडत असतील तर एक छोटी उशी लावतात. ती दुखऱ्या हाडाच्या खाली लावायची नसते, त्याच्या किंचित मागे लावायची असते, म्हणजे हाडावरचा भार उचलला जातो. बाजारातून आणून स्वतः चिकटवणाऱ्यांची उशी बहुतेकदा नेमकी दुखऱ्या जागी जाते आणि दुखणे वाढते. अंगठ्याचा सांधा ताठ झाला असेल, तर सोलला पाळण्याच्या बुडासारखा बाक देतात, म्हणजे अंगठा न वाकवताही पाऊल पुढे लोळते. कमान फार उंच असेल तर पाय धक्का जिरवत नाही. अशा पायाला कडक आधार देऊ नये. संपूर्ण तळव्याला टेकणारा मऊ सुखतळा द्यावा, म्हणजे भार टाच आणि चवडा या दोनच ठिकाणी न पडता सगळीकडे वाटला जातो.

आपल्या शाळेतल्या लहान कॅडेट्सच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या टाचेच्या हाडात वाढीचा भाग अजून जुळलेला नसतो. उंची झपाट्याने वाढते, पोटरी तेवढ्या वेगाने लांबत नाही, आणि रोजच्या धावण्यात टाचेची शीर त्या भागाला ओढत राहते. मुलगा टाच दुखते म्हणतो, चवड्यांवर चालू लागतो. याला सेव्हर्स म्हणतात. टाचेखाली छोटी मऊ उंची, पोटरीचे व्यायाम आणि काही आठवडे धावणे कमी, एवढ्याने बहुतेक मुलांना आराम पडतो, आणि वाढ पूर्ण झाली की हा त्रास कायमचा जातो. हा मुलगा नाटक करत नसतो, इतके जरी उस्तादांनी लक्षात घेतले तरी पुरे.

एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असेल तर बुटाच्या आत टाच उंचावता येते, पण साधारण एक सेंटिमीटरपर्यंतच. त्याहून जास्त उंची आत दिली तर टाच बुटातून निसटते, मग ती बाहेर सोलवर चढवावी लागते. आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा फरक तर कितीतरी जणांत असतो, त्यांना काहीच लागत नाही. मोठ्या दुखापतींत, उदाहरणार्थ मज्जातंतूला इजा होऊन पाऊल लोंबू लागले तर, घोट्यापासून पोटरीपर्यंतचा आधार लागतो. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जखमी सैनिकांसाठी असेच काम करत आले आहे. तिथे कृत्रिम पाय लावून पुन्हा उभ्या राहिलेल्या जवानाला कोणी दुबळा म्हणत नाही. मग बुटात पाचर लावलेल्या कॅडेटला का म्हणावे?

सर्वांना एकच औषध नको

‘इतका उपयोग असेल तर सर्वांनाच द्या की’, असेही काही पालक म्हणतात. त्याचे उत्तर सैन्यांनीच शोधले आहे. ब्रिटनच्या डार्टमथ येथील नौदल महाविद्यालयात तळव्यावरच्या दाबाची मोजणी करून दुखापतीचा धोका असलेले ४०० प्रशिक्षणार्थी निवडले गेले. निम्म्यांना मापाचे सुखतळे दिले, निम्म्यांना नाही. सुखतळे नसलेल्यांत ६१ दुखापती झाल्या, असलेल्यांत २१. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फिनलंडमधल्या २२८ नव्या सैनिकांवरचा अभ्यासही आला. तिथे सुखतळे दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. मला या दोहोंतून एवढेच दिसते की धोका कुणाला आहे हे आधी मोजून मग आधार दिला तर फायदा होण्याची शक्यता मोठी, सरसकट वाटला तर पैसे वाया.

कमानीकडे पाहून बूट निवडण्याचेही तसेच. अमेरिकेच्या भूदलात, वायुदलात आणि मरीनमध्ये हजारो नव्या सैनिकांना कमानीच्या आकाराप्रमाणे धावण्याचे बूट देऊन पाहिले, दुखापतींत फारसा फरक पडला नाही. आणि १९९३ सालच्या एका अभ्यासात तर अमेरिकी पायदळाच्या प्रशिक्षणार्थींपैकी सर्वांत सपाट पायांचे तरुणच सर्वांत कमी जखमी झाले होते, उंच कमानीचे अधिक. तेव्हा फताड्या पायांच्या कॅडेटने मान खाली घालायचे कारण नाही.

दुखणे लपवण्याची शिस्त

आता अवघड भागाकडे येते. उस्ताद मंडळींचे म्हणणे मला माहीत आहे, कारण घरी तेच ऐकत आले आहे. बूट सुरुवातीला चावतोच, फोड येतात, कातडी घट्ट होते, मग पाय तयार होतो. पंजाबी जुतीत तर पूर्वापार डावा-उजवा असा भेदच नसे, घालणाऱ्याच्या पायाने तिला वळण लागे. सगळ्यांना मऊ सुखतळे देत बसलो तर उद्या सियाचीनला कोण जाणार?

या म्हणण्यातला खरा भाग मी मान्य करते. फोड आणि आखडलेल्या पोटऱ्या हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि व्यायामाची जागा कोणताही सुखतळा घेऊ शकत नाही. पण कातड्याची जुती पायाचा आकार घेते. साच्यात ओतलेला रबरी सोल घेत नाही. डीएमएस बुटाचे तळ कितीही वापरले तरी वळत नाही, तिथे पायालाच वळावे लागते. आणि फोड येणे वेगळे, हाड दुखणे वेगळे.

हा फरक न कळल्याने काय होते, याचा इतिहास मोठा आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने लांब कूच केल्यावर सुजणाऱ्या, दुखणाऱ्या पायांची नोंद केली. कातडीवर जखम नाही, पडल्याझडल्याचा इतिहास नाही, म्हणून ते शिरांच्या सुजेत गणले गेले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ मध्ये, श्टेखो याने दाखवले की त्या पायांतली हाडे चक्क मोडलेली होती. एका फटक्यात नव्हे, हजारो पावलांच्या माराने. त्यालाच आज ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. म्हणजे चाळीस वर्षे मोडक्या हाडांवर चालणाऱ्या सैनिकांचे दुखणे किरकोळ समजले गेले. आज क्ष-किरण आहेत, एमआरआय आहे, पण मुलाने सांगितलेच नाही तर त्यांचा उपयोग काय? पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर ही तडा गेलेली जागा क्ष-किरणांतही अनेकदा दिसत नाही. तेव्हा ‘एक्स-रे साफ आहे, चल पळ’ म्हणण्याआधी थांबावे.

बुटाची जबाबदारी कुणाची, याचेही एक उत्तर जुने आहे. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या अध्यक्षतेखाली एका मंडळाने चार वर्षे सुमारे २,००० सैनिकांचे पाय तपासले. सैनिकांचे पाय मुळात चांगले असतात, चुकीच्या मापाचे बूट ते बिघडवतात, हे त्यातून दिसले. १९१२ साली मन्सन यांचे त्यावरचे पुस्तक आले, आणि त्याच वर्षी बुटांचे माप नीट घेण्याची जबाबदारी थेट कंपनी कमांडरवर टाकण्यात आली. माप घ्यायचे ते कसे? सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचे ओझे देऊन, सगळा भार त्याच पायावर टाकून. कारण भाराखाली पाय लांब आणि रुंद होतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका सैन्याला कळले की सैनिकाचा बूट हा कमांडरच्या कामाचा विषय आहे. आपल्या शाळांत मात्र आजही कित्येकदा स्टोअरमध्ये ‘सात नंबर? घे’ एवढ्यावर काम भागते, आणि सहा महिन्यांत पाय साडेआठ नंबरचा झालेला असतो.

काय करावे

उपदेश पुष्कळ झाला. आता करण्याजोग्या गोष्टी सांगते. यांतल्या बहुतेकांना खर्च नाही.

कॅडेट मित्रांनो, बूट संध्याकाळी मापा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. उभे राहून, रोजचे मोजे घालून, दोन्ही पायांचे माप घ्या आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट वाकवून पाहा: तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. जुन्या बुटाचे तळ उलटे करून पाहा. टाचेची बाहेरची मागची कड झिजणे ही सर्वसाधारण चाल आहे. आतली कड झिजली असेल, किंवा एकच बूट वेगळ्या जागी झिजला असेल, तर दाखवा. रोज चवड्यांवर वीस-पंचवीस वेळा उठा, भिंतीला हात टेकून पोटरी तीस-तीस सेकंद ताणा, आणि आठवड्यातून काही वेळ गवतावर अनवाणी चाला.

आणि दुखणे सांगायला शिका. दोन्ही पाय सारखेच जड झाले आणि झोप झाल्यावर बरे वाटले, तर ते श्रमाचे दुखणे, ते सोसा. पण एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची एकच जागा दुखत असेल, रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर दुखू लागत असेल, रात्री ठणकत असेल किंवा लंगडावे लागत असेल, तर त्याच दिवशी एमआय रूमला जा. त्याने तुमचे आठवडे वाचतील, कदाचित करिअरही.

पालकांनो, दुखत नसलेल्या लवचीक पायासाठी काही विकत घेऊ नका. दुखत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञांना दाखवा. चंदीगडमध्ये पीजीआयला असा विभाग आहे, महाराष्ट्रात मुंबईच्या हाजी अलीची संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. सुखतळा बनवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. पायाचा साचा किंवा भाराखालचे माप न घेता, चाल न पाहता जो आधार विकतो, त्याच्याकडून उठून या. नवा सुखतळा पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडा वाढवत, दोन आठवड्यांत पूर्ण वेळ वापरायचा असतो. परेडच्या किंवा क्रॉस-कंट्रीच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही. आणि तो बुटात जागा खातो, हे विसरू नका. मूळचा सुखतळा काढून त्या जागी बसवा, नाहीतर अर्धा नंबर मोठा बूट घ्या. वाढत्या मुलाचा आधार सहा महिने-वर्षाने पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

शाळेला आणि उस्तादांना माझी विनंती चार ओळींची आहे. सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा, प्रत्येक कॅडेटच्या दोन्ही पायांचे माप उभे करून घ्यावे आणि किट कार्डावर लिहावे. त्याच वेळी चवड्यांवर उभे करून मागून पाहावे, साठ मुलांच्या हाउसला एक तास पुरतो. डॉक्टरांनी लिहून दिलेला सुखतळा किंवा पाचर ही सवलत न मानता इश्यू केलेले साहित्य मानावे, तपासणीत कोणी ती काढायला लावू नये. साच्यातल्या सोलच्या बुटाला बाहेरून जोड देणे कठीण असते, म्हणून त्यात फेरफार आतूनच करावेत, आणि नाल ठोकलेल्या कातडी ड्रिल बुटाला गरज असेल तर टाच बाहेरून बदलू द्यावी. परेड मैदानावर पॉलिश केलेल्या बुटांची रांग पाहणाऱ्याला त्यात काहीच वेगळे दिसणार नाही.

पुढचे बूट वाटप नव्या सत्राच्या सुरुवातीला आहे. एक लाकडी पट्टी, एक पेन आणि एक तास, एवढ्यावर सुरुवात करता येईल. त्या दिवशी मदतीला पालकांपैकी कोणी हवे असेल, तर चंदीगडहून यायला मी तयार आहे.